चाक आधी उलटं वळतं

ताशी पन्नास-साठच्या वेगात मोटरसायकल उजवीकडे वळवायची असेल, तर तिचं पुढचं चाक आधी क्षणभर डावीकडे वळावं लागतं. वाचून पटत नाही, पण दुचाकी चालवणारा प्रत्येक जण हेच करत आलेला असतो. हातांना ते ठाऊक असतं, डोक्यापर्यंत मात्र पोचलेलं नसतं. विमान उडवण्याआधी सायकली बनवून विकणाऱ्या विल्बर राइटच्या हे लक्षात आलं होतं. तुम्ही वळता कसे, असं त्याने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं. पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा त्याला एकही भेटला नाही.

घडतं ते असं. चाक डावीकडे वळलं की टायर डावीकडे निघतात, वरचं वजन मात्र सरळ जात राहतं. म्हणजे गाडी उजवीकडे कलते. कलली की चाक आपणच उजवीकडे वळतं आणि वळण सुरू होतं. दुचाकीला वळायचं तर आधी पडू लागावं लागतं. वळण म्हणजे अर्ध्यात सावरलेलं पडणं.

स्कूटरवर आयुष्य गेलं तरी हे जाणवत नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हिमालयन ४५० ही मोटरसायकल घरी आली आणि ताम्हिणी घाटात ते हातांना स्पष्ट कळलं. गाडीचं वजन १९६ किलो, पुढचं चाक २१ इंची, हँडल चांगलं रुंद. उजव्या तळव्याने उजवी मूठ किंचित पुढे दाबली की एवढी थोरली गाडी उजवीकडे झोपते. दाब सोडला की उठते. कंबर हलवायला नको, जोर लावायला नको. ओल्या रस्त्यावर, दरीच्या कडेने, तळव्याच्या एवढ्याशा दाबावर ते वजन डोलत जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल म्हणजे दुचाकी मुळात उभी का राहते, हेच विज्ञानाला सहजासहजी उलगडलेलं नाही. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती तोल धरते, असं आपण शाळेपासून ऐकतो. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विचित्र सायकल मांडली. तिच्यात उलट फिरणारी जादा चाकं बसवून तो भोवऱ्याचा गुण त्यांनी मोडून काढला होता. पुढचं चाक हँडलच्या मागे ओढलं जाण्याचा दुसरा नेहमीचा आधारही काढून टाकला होता. तरी ढकलून सोडली की ती सायकल स्वाराशिवाय तोल सावरत पुढे जात होती. वजनाची मांडणी अशी होती, की ती ज्या बाजूला पडू लागे त्याच बाजूला तिचं चाक वळे. म्हणजे सावरायचे मार्ग एकाहून अधिक आहेत, आणि चांगल्या गाडीत ते आधीच बसवलेले असतात. वेगात असलेली गाडी स्वतःला सावरायला सतत धडपडत असते. आपण हँडल आवळून धरलं की तिला ते करता येत नाही.

दिवाळीनंतर कोकणात उतरल्यावर याचा कस लागला. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळमाळांवर, कातळशिल्पं आहेत. कशेळीला तर हत्तीची भलीमोठी आकृती कातळात कोरलेली आहे. अशा सड्यांवरच्या बऱ्याच वाटा कच्च्या, जांभ्याच्या. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ऊन-पावसाने त्यातलं विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेलं आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे उरली, तो हा लालभडक जांभा. तो झिजून त्याचे वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात. कडक कातळावर असे सुटे खडे पसरलेले असले की टायरला पकड अशी मिळतच नाही. पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकू लागतं. घाबरून मुठी आवळल्या की चाकाचं ते भटकणं आपल्या हातांतून सगळ्या गाडीत उतरतं. मुठी सैल ठेवल्या, नजर पंधरा-वीस मीटर पुढे टाकली आणि रेस सोडली नाही, की चाक भटकत राहतं आणि गाडी मात्र सरळ जाते.

अशा वाटेवर फूटपेगवर उभं राहायचं असतं. उभं राहिल्याने वजन खाली जातं आणि तोल सुधारतो, असं बरेच जण सांगतात, पण ते खरं नाही. उभ्या माणसाचं वजन वरच जातं. होतं ते निराळंच. बसलेला माणूस गाडीला चिकटलेलं ओझं असतो, खड्ड्यात ती उसळली की तोही उसळतो. उभ्या माणसाचे गुडघे आणि घोटे स्प्रिंगसारखे मधे येतात आणि गाडी त्याच्याखाली मोकळेपणी हलू शकते. सस्पेन्शन आधीच २०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास वीतभर, खालीवर होणारं. त्यात आपल्या पायांची भर पडते. पहिल्यांदा नीट जमतं तेव्हा खाली गाडी थडथडत असते आणि डोकं मात्र जवळजवळ स्थिर असतं. समोरचा सडा डोळ्यांना न हलता दिसतो.

कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या असल्या गाडीची घडण १९८० साली बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या मॉडेलपासून रुळली. पुढच्याच वर्षी पॅरिस ते डकार ही वाळवंटी शर्यत ह्युबर्ट ऑरिओलने त्याच गाडीवर जिंकली. आज याच घडणीची केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आपल्या चाकणला तयार होते, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि मग उन्हाळ्यात लडाख. मनालीहून लेहला जाताना गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना गाडी सुस्त होते. लेहच्या पुढे, ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत तिचा जोर निम्म्याच्या आसपास येतो. बिघाड काही नसतो. तिथे हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, त्यामुळे दर श्वासाला इंजिनाच्या पोटात निम्माच ऑक्सिजन जातो. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नसे. तो पेट्रोल सोडतच राही, धूर काळा येई, प्लगवर काजळी धरे. आताची गाडी हवेचा दाब मोजते, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला उरलेला ऑक्सिजन हुंगते आणि तेवढंच पेट्रोल देते. तिच्यावर बसलेल्या माणसाचं शरीरही तेच करत असतं, श्वास वाढवून. फक्त त्याला वेळ लागतो. म्हणून लेहला पोचल्यावर पुढे चढण्याआधी किमान दोन दिवस विसावा घ्यायचाच, यात तडजोड नाही.

टायरचं तर आणखी गमतीचं. मुंबईत २९ पीएसआय हवा भरली आणि तापमान तेच राहिलं असं धरलं, तर काही न भरता तोच टायर खारदुंग ला इथे ३६ दाखवील. आतली हवा वाढलेली नसते. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो, आणि बाहेरचा दाब सात पीएसआयने उतरलेला असतो. प्रत्यक्षात वरची थंडी आतली हवा आकसवते आणि आकडा बराचसा खाली आणते. टायरच्या एवढ्याशा पोकळीत उंची आणि थंडी यांची अशी वजाबाकी चाललेली असते, हे कळल्यापासून मी गेज खिशात ठेवतो आणि दर मुक्कामी सकाळी, गाडी हलवण्याआधी, आकडा बघतो.

त्या रस्त्यावर पूल नसलेले नाले लागतात, आणि ते घड्याळ पाळतात. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, ते पाणी उतारावरून रस्त्यापर्यंत यायला काही तास घेतं; म्हणून नाला दुपारी उशिरा फुगतो, रात्री बर्फ आखडला की उतरतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी त्याच दिवशी चारच्या सुमाराला गुडघ्याला लागलेलं पाहिलं आहे. स्थानिक ड्रायव्हर रात्रीचा मुक्काम नाल्याच्या अलीकडे करायचा की पलीकडे, हे यावरूनच ठरवतात. उजाडता उजाडता नाल्यावर पोचायचं, आधी पायी उतरून तळाचे गोटे बघून घ्यायचे, मग पहिला गिअर, एकसारखी रेस, मुठी सैल, आणि नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर.