माप कोणाचे, सायकल कोणाची?

काळी सायकल घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, '२२ इंची की २४ इंची?' हे माप चाकाचे नव्हे, सीटखालच्या नळीचे. दहा वर्षांच्या पोराला दोन्ही उंचच. मग ते वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत शिके. दुकानाच्या वहीत मात्र '२२ इंची, एक' एवढीच नोंद होई. लहान फ्रेमची गरज कागदावर उमटतच नसे.

कारखान्याची अडचणही खरी आहे. माप बदलले की नळ्यांची लांबी बदलते, जोडणीचा साचा बदलतो. कार्बनच्या फ्रेमला तर प्रत्येक मापाचा वेगळा महागडा साचा लागतो. पाच मापे आणि चार रंग धरले तरी एका मॉडेलचे २० प्रकार होतात. मध्यम उंचीची माणसे जास्त, म्हणून मधली मापे आधी संपतात आणि टोकाची पडून राहतात. ऑर्डर काही महिने आधी द्यावी लागते, त्यामुळे सारा खेळ अंदाजाचा. २०२० साली करोनाकाळात जगभर सायकलींची मागणी उसळली, दुकानदारांनी भरमसाट ऑर्डरी दिल्या. मागणी ओसरल्यावर त्याच मालाने गोदामे भरून गेली.

या कोड्याला वेगवेगळी उत्तरे मिळाली. जपानच्या नॅशनल बायसिकल कंपनीने १९८७मध्ये पॅनासॉनिकच्या सायकली गिऱ्हाइकाच्या मापाने बनवायला घेतल्या. दुकानात शरीराची मापे घ्यायची, ती फॅक्सने कारखान्यात पाठवायची आणि दोन आठवड्यांत सायकल हाती द्यायची. १८ मॉडेल, १९९ रंगसंगती, एकूण १,१२,३१,८६२ प्रकार शक्य होते. आधी विक्री, मग फ्रेम. मापाचा अंदाज बांधायचे कारणच उरले नाही.

तैवानच्या जायंट कंपनीने उलटी वाट धरली. इंग्लंडचे माइक बरोज यांनी १९९०च्या दशकात टीसीआर ही शर्यतीची सायकल रेखली. तिची दांडी मागे उतरती होती. सीटची दांडी लांब ठेवून वर-खाली केली की लहान, मध्यम आणि मोठी या तीन मापांत बहुतेक स्वार बसत. साचे कमी, साठा कमी. पण पुढे त्याच टीसीआरची मापे पुन्हा वाढली. सीट उंच करता येते. हँडलपर्यंतचे अंतर तितक्या सहज जुळत नाही.

अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५मध्ये बायकांसाठी सायकली बनवायचा उद्योग सुरू केला. बुटक्या स्वारासाठी फ्रेम आखूड करावी तर पाय पुढच्या चाकाला अडतो. त्यांनी पुढचे चाकच लहान केले.

मला यातले हे शेवटचे उत्तर सर्वात मोलाचे वाटते. विक्रीच्या वहीत विकलेली सायकलच दिसते. माप न मिळाल्याने परत गेलेली बाई त्यात कुठेच नसते. त्या वहीवरून पुढचे उत्पादन ठरवले, की ती पुढच्या वर्षीही रिकाम्या हातीच परतणार. म्हणून दुकानदाराने दोन नोंदी ठेवाव्यात: काय विकले आणि कोणाला देता आले नाही. कारखान्याने दुसरी आधी वाचावी.