डिपॉझिट भाडेकरूचंच

पुण्यातला माझा फ्लॅट मी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर देते. डिपॉझिट ही माझी कमाई नव्हे, भाडेकरूची ठेव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. डिपॉझिटमधल्या कपातीच्या अटी करारातच लिहाव्यात.

वाद बहुधा रंगावरून होतो. उन्हाने विटलेली भिंत, सैल झालेली कडी ही वापराची झीज. तिचे पैसे कापणं मला अन्यायाचं वाटतं. फुटलेलं बेसिन, थकलेलं वीजबिल मात्र कापावं, पावती दाखवून. चावी घेताना मी भाडेकरूसोबतच घरभर फिरते, नळ सोडून बघते, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढते. शेवटचं बिल यायचं असेल तर तेवढेच पैसे राखते, बाकी रक्कम तिथल्या तिथे पाठवते. पुढच्या घराचं डिपॉझिट त्यांना यातूनच भरायचं असतं.