पावणेचार किलो

कटरचा आवाज कोकणाला नवा नाही. पाऊस तोंडावर आला, लाकूडफाटा आत घ्यायची घाई सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या वाडीतून तो येतोच. पण आंजर्ल्यात त्या सकाळी तो वरून येत होता. पाखाडीत उभं राहून मान वर केली तर माडाच्या शेंड्यापाशी एक माणूस कमरेच्या पट्ट्यावर मागे रेललेला, आणि हातात एवढंसं यंत्र. कटर जमिनीवर चालवताना बघूनही माझ्या पोटात गोळा येतो. हा तर कौलांच्या कितीतरी वर, पाय खोडाला टेकवून, शांतपणे काम करत होता. उद्या कुठे काम आहे ते विचारून घेतलं आणि गेलो.

दुसऱ्या दिवशीचा माड एका जुन्या घराच्या पडवीला लागूनच होता. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या आगरातले बहुतेक माड आणि पोफळी आडव्या झाल्या. आंजर्ले, केळशी, मुरूड, सगळ्या किनारपट्टीची तीच गत झाली होती. हा एक माड उभा राहिला, पण घराकडे कलून. आता खोडाला भोकं पडली होती आणि त्यातून तपकिरी चीक गळत होता. सोंड्या भुंगा आत शिरल्याची ही खूण. असा माड कधी मोडेल ते सांगता येत नाही आणि मोडला तर पडवीवरच येणार. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला विहीर, समोर चिऱ्याचा गडगा. आडवा पाडायला जागाच नाही. मुंबईत अशा कामाला ट्रॉलीची गाडी येते. इथे पाखाडीत हातगाडी वळत नाही. म्हणजे चढायचं आणि वरून तुकडे करत खाली यायचं.

हा गडी ते काम मुंबईतच शिकला. पावसाळ्याआधी तिथे रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते, तशा एका ठेकेदाराकडे तो काही वर्षं होता. परत येताना त्याने तिथलंच एक वापरलेलं मशीन विकत घेतलं. स्टिल कंपनीचं, एमएस 201 टी.

त्याने ते माझ्या हातात दिलं. आपल्याकडच्या नेहमीच्या कटरची मूठ मागे असते, पट्टी बावीस इंची असते आणि दोन्ही हातांत बऱ्यापैकी अंतर राहतं. याची मूठ इंजिनाच्या डोक्यावर आहे. सगळं वजन मुठीखाली लोंबतं आणि पट्टी फूटभरच. मागे एक कडी आहे, दोरीने पट्ट्याला टांगण्यासाठी.

"वजन किती?"

"पावणेचार किलो," तो म्हणाला. "कंपनीचे पावणेचार. पट्टी, चेन, पेट्रोल, ऑइल धरलंत तर पाच म्हणा. आणि वर अर्धा तास झाला की मोजायचंच सोडा."

झाडावर वापरायच्या करवतींसाठी आयएसओ 11681 या मानकाचा वेगळा दुसरा भाग आहे. पट्टी, चेन आणि इंधन सोडून वजन 4.3 किलोच्या आत हवं, ही त्यातली एक अट. त्यात हे पावणेचार बसतात. पण मानकातलं वजन टेबलावर ठेवलेल्या मशीनचं असतं. खांद्याच्या वर हात नेऊन, पायांत चढायचे लोखंडी काटे अडकवून ते धरणाऱ्याचा हिशोब वेगळा.

आता मुद्द्याचं. दुकानात हे मशीन बघितलं की कुणालाही वाटतं, किती सोयीचं, एका हातातही मावतं. विकणाराही तेच सांगतो. खरं तर हलकी दिसणारी ही करवत आवरायला जास्त अवघड. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कुठे टेकला तर चेन तिथे लाकूड कापत नाही, सगळी पट्टीच वर, माणसाच्या तोंडाकडे, उसळी मारते. मागच्या मुठीच्या मशीनमध्ये दोन हातांतल्या अंतरामुळे ती उसळी थोडीफार तरी दाबता येते. इथे दोन्ही हात जवळजवळ एकाच जागी असतात, त्यामुळे जोर लावायला जागाच नाही. म्हणून ही करवत जमिनीवर वापरायची नाही आणि झाडावरही दोन्ही हातांनीच धरायची, डावा अंगठा मुठीखालून वळवून. एका हाताने चालवता येते ही तिची खुबी नसून तिचा सापळा आहे, असं माझं मत झालं. बाजारात 25 सीसीची स्वस्त, वरच्या मुठीची मशीनं आता सर्रास मिळतात. जाहिरातींत ती बागेत उभं राहून एका हाताने चालवताना दाखवतात. ते चित्र काढणाऱ्याला एकदा माडावर चढवायला हवं.

खाली त्याने मशीन एकदा चालू करून गरम केलं, बंद केलं आणि कमरेला टांगलं. टू-टीचा धूर अंगणात रेंगाळला. हेल्मेट, कान झाकणारे, जाळी हे सगळं त्याने न बोलता चढवलं. मग पायांत लोखंडी काटे बांधले.

"जित्या माडाला काटे लावत नाय," तो मला म्हणाला. "हा जायचाच, म्हणून."

यामागे साधं शास्त्र आहे. आंब्या-फणसाची जखम साल धरून भरत येते. माडाच्या खोडात तशी जखम भरून काढणारा पेशींचा थर नसतो, त्यामुळे त्याला पडलेली खाच जन्मभर तशीच राहते आणि भुंग्याला दार मिळतं. नारळ उतरवण्याच्या सोयीसाठी खोडात पायऱ्या कोरलेले माड आपण किनाऱ्यावर सगळीकडे बघतो. त्यातली प्रत्येक पायरी तशीच उघडी असते.

तो चढला. पट्टे दोन होते. एकाच्या आत पोलादी तार, कारण चालती चेन साध्या दोराला लागली तर दोर क्षणात तुटतो. दुसरा पट्टा त्याने खोडाभोवती फासासारखा आवळून घेतला. माडाला अडकवायला फांदी नाही. काटा सटकला तर नुसता गुंडाळलेला पट्टा माणसासकट सरळ खाली घसरत येतो, आवळलेला तिथेच धरतो.

आधी पेंडी दोरीने खाली आल्या, मग झावळ्या. मग शेंडा. खाली उभे असलेले त्याचे दोघे मदतनीस दोर धरून विहिरीच्या अंगाला सरकले. मशीनचा आवाज चढला, भुसा उडाला आणि ओल्या माडाचा आंबूस, गोडसर वास खाली आला. पेट्रोलच्या धुरात मिसळलेला तो वास नंतर कितीतरी दिवस माझ्या त्या दिवशीच्या शर्टाला होता.

शेंडा सुटला आणि माड हलला. वरचं ओझं एकदम गेल्यामुळे उरलेलं खोड मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा मागे. हे मी कुठे वाचलं नव्हतं. त्याने चेनचा ब्रेक लावून मशीन सोडून दिलं होतं. ते दोरीवर त्याच्या पायांखाली लोंबकळत होतं आणि तो दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारून, गाल टेकवून थांबला होता. बाई पडवीतून ओरडल्या, "अरे, ठीक आहेस ना?" त्याने उत्तर दिलं नाही. झोका संपेपर्यंत तो तसाच होता. बॅटरीवरच्या करवतीही आता मिळतात. कापणं थांबलं की त्या गप्प होतात आणि खालच्याचं बोलणं वर ऐकू येतं. या क्षणी मला त्यांची किंमत कळली, आणि त्यांची खरी किंमत माहीत असल्यामुळे मी विषय काढला नाही.

पुढचं काम सोपं. दोन-दोन फुटांचे तुकडे, एकेक ढकलायचा. माडाचं लाकूड बाहेरून कठीण असतं आणि बुंध्याकडे जास्तच, त्यामुळे चेन लवकर बोथट होते. भुसा पिठासारखा पडायला लागला की तो खाली उतरायचा, चार मिलिमीटरची गोल कानस काढून दात लावायचा आणि पुन्हा चढायचा.

चहाच्या वेळी पैशांवरून थोडं झालं. बाईंचं म्हणणं, पूर्वी हेच काम कोयता-कुऱ्हाडीने निम्म्यात व्हायचं.

"पूर्वी माणसं पडायची पण, काकू."

त्यावर काकूंनी त्याच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला. दर मात्र ठरला होता तोच राहिला.

त्याचं बरंचसं काम आंब्यावरचं. दाटीने वाढलेल्या जुन्या हापूस कलमांचा वरचा भार उतरवून उजेड आत घ्यायचा, हे पुनरुज्जीवनाचं तंत्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाने बागायतदारांपर्यंत नेलं आहे. तिथे कटरचं खरं कौशल्य दिसतं, असं तो सांगतो. जाड फांदीला आधी खालून थोडा काप द्यायचा, मग जरा पुढे वरून. नाहीतर फांदी मोडताना साल खोडापर्यंत फाडत नेते. राहिलेला थुटका नंतर नीट उतरवून तिथे बोर्डो पेस्ट लावायची. आंब्यावर दोर वरच्या फांदीला टाकता येतो, म्हणून त्याला आंबा आवडतो.

तेवढ्यात गडग्यापलीकडचा एक तरुण मोबाईल घेऊन आला. त्याच्या घरामागे फणसाची वाळकी फांदी पत्र्यावर आलेली. त्याने असंच मशीन मागवायचं ठरवलं होतं. फोटो दाखवला. "दादा, हे तुझ्यापेक्षा हलकं आहे बघ."

"माझं पावणेचार," हा म्हणाला. "आणि पट्टे? दोर?"

"शिडी आहे ना."

त्याने मोबाईल परत दिला. शिडीवर उभं राहून कटर चालवायचा नाही, एवढंच बोलला, आणि मशीनचं पेट्रोल डब्यात काढायला लागला. तरुण जाईना. शेवटी यानेच विचारलं, फणस किती उंच, खाली काय आहे, आणि दोर धरायला घरात माणसं किती. दोन, असं उत्तर आलं.

"तिसरा बघून ठेव. बुधवारी येतो."

तरुणाने विचारलं, "घेशील किती?"

"फांदी बघून सांगतो."