लाकूड कोरणारा पाहुणा



जळगांव-धुळ्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत उन्हाळ्याच्या दुपारीं एक प्रसंग पुष्कळदां घडतो. माणसें विसावलेलीं असतात. इतक्यांत तुळईपाशीं मोठी गुणगुण ऐकूं येते आणि जमिनीवर लाकडाचा भुसा पडलेला दिसतो. वर पाहावें तों आंगठ्याच्या पेराएवढा, काळाकुळीत, पंखांवर निळसर झांक असलेला एक कीटक वाटोळ्या भोंकांत शिरत असतो. लगेच "गांधील आली" म्हणून ओरड होते आणि झाडूच्या एका फटक्यानें त्या जीवाचा अंत होतो. आज मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, झाडू उचलण्यापूर्वीं क्षणभर त्या कीटकाची अंगलट पाहावी.

लाकडाशीं संबंध ठेवणारे असे तीन कीटक आहेत. पहिली आपल्या परिचयाची गांधीलमाशी. तिची कंबर दोऱ्यासारखी बारीक व रंग पिवळा किंवा तांबूस असतो. ती लाकूड पोखरीत नाहीं. जुन्या दारांचे तंतू खरवडून, ते लाळेंत मळून, त्या कागदाचें पोळें बांधते. पोळ्यास धक्का लागला तर ती पुनःपुन्हां डंख करते. तेव्हां तिच्यापासून दूर राहणेंच बरें.

दुसरी खरी काष्ठगांधील. शास्त्रज्ञ तिला सिरेक्स म्हणतात. हिला कंबर अशी नसतेच. शरीर लांबट व नळीसारखें सरळ असतें. मादीच्या शेपटाशीं लांब सुई दिसते. परंतु ती नांगी नसून लाकडांत अंडीं घालण्याचें साधन आहे. हिच्या बहुतेक जाती चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांवर वाढतात, म्हणून भारतांत हिचें माहेर हिमालय. सातपुड्याच्या सागांत ती सहसा भेटावयाची नाहीं. मात्र परदेशांतून यंत्रें ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात, त्यांतून ती येऊं शकते. युरोपांतील अशी एक जात लाकडाबरोबर न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियांत पोंचली आणि तेथील पाइनच्या लागवडींना घातक ठरली. यास्तव खोक्यांतून असा कीटक निघालाच तर त्यास सोडून न देतां बाटलींत ठेवावें व धुळ्याच्या कृषि महाविद्यालयांतील कीटकशास्त्रज्ञांस दाखवावें.

तिसरा तो आपल्या तुळईंतील पाहुणा. ही गांधील नव्हे. हा मधमाशीच्या गोत्रांतील भुंगा. अंग वाटोळें, भरीव, पोट चकचकीत. याचें शास्त्रीय नांव झायलोकोपा, म्हणजे ग्रीक भाषेंत लाकूडतोड्या. कोरडें काष्ठ भेदणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र अडकतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतील दृष्टांत आपणांस ठाऊकच आहे. तोच हा भ्रमर. मादी लाकूड खात नाहीं. बोगदा कोरून त्यांत परागाचा गोळा व त्यावर अंडें ठेवते आणि भुशाचा पडदा घालून पुढील खोली करते. नराला नांगीच नसते. मादीहि हातांत धरल्यावांचून सहसा डसत नाहीं.

शिवाय हा आपला उपकारकर्ता आहे. रुई आणि तूर यांच्या फुलांवर तो नित्य दिसतो. वांग्याच्या फुलांतील पराग बंद नळींत असतो. तो बाहेर पडावयास नळीच्या टोंकाशीं बारीक छिद्र तेवढें असतें. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो, तेव्हां तो पराग झडतो. घरोघरच्या मधमाशीला ही विद्या साधत नाहीं. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलीं जळगांवचीं भरिताचीं वांगीं आवडीनें खाणाऱ्यांनीं हें ऋण विसरूं नये.

तुळईची काळजी रास्तच आहे. वर्षानुवर्षें तेंच लाकूड कोरलें गेलें तर तें दुबळें होतें. त्यास उपाय सोपा आहे. लाकडास तेलरंग द्यावा, कारण रंगविलेलें लाकूड त्याला फारसें रुचत नाहीं. रिकामीं झालेलीं भोंकें लाकडी खुंटीनें बुजवावीं, आणि परसांत वाळलेल्या बांबूंची एक मोळी टांगावी. पाहुण्यास दुसरें घर मिळतें, आणि आपलें घर शाबूत राहतें.