ओपाना: इशारा वेळेत मिळाला होता!

हवाईतल्या ओआहू बेटाचं उत्तर टोक. ७ डिसेंबर १९४१, रविवार. ओपानाच्या एससीआर-२७० रडारची पहाटे ४ ते ७ ची पाळी संपली होती. नाश्त्याला न्यायला येणारी गाडी आली नव्हती, म्हणून जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट या जवानांनी सराव चालू ठेवला. ७ वाजून २ मिनिटांनी पडद्यावरची रेघ एकदम उसळली. यंत्र बिघडलं की काय? नाही! उत्तरेला सुमारे २१० किलोमीटरवर विमानांचा मोठा ताफा होता.

त्यांनी फोन केला. माहिती केंद्रातल्या अधिकाऱ्याला वाटलं, कॅलिफोर्नियाहून येणारी आपलीच बी-१७ विमानं असतील. पण ती जपानी विमानं होती; तासाभरात पर्ल हार्बरचा अमेरिकी नौदल तळ पेटला.

रडारने काम चोख केलं होतं. खबर पारखून पुढे पोचवणारी व्यवस्थाच कच्ची होती.