हुजूर पक्षाचें तत्त्वज्ञान

पुराणमतवादी म्हटला कीं, प्रत्येक नव्या गोष्टीला नकार देणारा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्या इंग्लंडांत या मताला राजकीय तत्त्वज्ञानाचें रूप आलें, तेथील इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

या विचाराचा जनक मानला गेलेला एडमंड बर्क हा मुळांत टोरी नव्हताच. तो व्हिग पक्षाचा होता. अमेरिकन वसाहतींचें गाऱ्हाणें त्यानें पार्लमेंटांत मांडलें, आणि हिंदुस्थानांतील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालविण्यांतहि तोच पुढें होता. परंतु १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, तेव्हां पुढच्याच वर्षीं ग्रंथ लिहून त्यानें तिचा निषेध केला. समाज हा गेलेल्या, असलेल्या व येणाऱ्या पिढ्यांचा सामाईक ठेवा आहे, असें त्याचें मत होतें. वाडवडिलांच्या घराची डागडुजी अवश्य करावी. एका पिढीच्या बुद्धीवर विसंबून त्याचा पायाच खणून काढूं नये. मात्र डागडुजीची वाट बुजविली तर राज्यहि टिकत नाहीं, हें त्याला मान्य होतें.

या विचाराची कसोटी लवकरच लागली. १८३२ सालच्या मताधिकाराच्या सुधारणेला टोरींनीं कसून विरोध केला. पण १८३४ सालीं टॅमवर्थच्या जाहीरनाम्यांत रॉबर्ट पील यानें तीच सुधारणा कायमची म्हणून स्वीकारली. मराठी वृत्तपत्रांनीं ज्याला पुढें ‘हुजूर पक्ष’ म्हटलें, तो याच सुमारास आकारास आला. १८४६ सालीं पीलनें परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे रद्द करविले. जमीनदार बिथरले व पक्ष दुभंगला. त्या वेळीं पीलवर तुटून पडलेल्या डिझरायलीनेंच १८६७ सालीं शहरांतील अनेक कामकऱ्यांना मताधिकार मिळवून दिला.

विसाव्या शतकांतहि हेंच दिसलें. मजूर सरकारनें १९४८ सालीं सुरू केलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा १९५१ सालीं सत्तेवर आलेल्या चर्चिलनें मोडली नाहीं. उलट १९७९ नंतर त्याच पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांनीं सरकारी उद्योग विकले. कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाणवस्त्यांची घडी विसकटली.

पूर्वजांचा ठेवा राखावयाचा, एवढें म्हणून भागत नाहीं. त्या ठेव्यांत जमीनदाराचा वांटा किती आणि खाणींत उतरणाऱ्याचा किती, याचा हिशेब या पक्षाला दर पिढीस नव्यानें द्यावा लागला आहे.