मॉर्मन पंथाचे अनुयायी कां दुरावतात ?

अमेरिकेच्या पश्चिम भागांत युटा नांवाचें संस्थान आहे व सॉल्ट लेक सिटी ही त्याची राजधानी. १८४७ च्या जुलै महिन्यांत ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं, छळानें गांजलेला एक जथा बैलगाड्यांतून हजार मैलांचें माळरान तुडवीत येथें येऊन पोंचला आणि खाऱ्या सरोवराच्या परिसरांत त्यानें आपली वसाहत उभारली. या मंडळींस जग मॉर्मन म्हणून ओळखतें. त्यांच्या संस्थेचें स्वतःचें नांव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असें लांबलचक आहे आणि २०१८ सालीं तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनीं तेंच पूर्ण नांव सर्वांनीं वापरावें असा आग्रह धरला. येथें मात्र सोयीसाठीं जुनें सुटसुटीत नांवच ठेवलें आहे. ज्या परगण्यांत या लोकांनीं ओसाड जमिनीस पाणी आणून शहर वसविलें, त्याच सॉल्ट लेक परगण्यांत २०१८ सालीं, संस्थेच्याच आंकड्यांप्रमाणें, मॉर्मनांची संख्या एकंदर वस्तीच्या निम्म्याहून कमी झाली. ही गळती कशानें लागली, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या पंथाची एकंदर सभासदसंख्या घटलेली नाहीं. २०२४ च्या अखेरीस ती १ कोटी ७५ लक्ष इतकी जाहीर झाली व त्या एका वर्षांत तीन लक्षांहून अधिक नव्या लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. मग गळती म्हणावयाची ती कोणती ? ज्या गृहस्थांचा शाळेशीं संबंध आला असेल त्यांस पटावरील संख्या आणि हजर संख्या यांतील भेद सांगावयास नको. संस्था दरवर्षीं पटाची संख्या प्रसिद्ध करते. रविवारच्या उपासनेस किती लोक येतात हें ती प्रसिद्ध करीत नाहीं. पटावरून नांव निघण्याचे मार्गही मोजकेच : मृत्यु, बहिष्कार, किंवा सभासदानें स्वतः दिलेला राजीनामा. जो मनुष्य नुसता यावयाचा थांबला, त्याचें नांव तसेंच राहतें. त्याचा ठावठिकाणा लागेनासा झाला, तर तो एकशेंदहा वर्षांचा होईपर्यंत पटावर जिवंत असतो! आपल्याकडील मतदारांच्या याद्यांत दिवंगत आजोबांचें नांव वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस याचें फारसें नवल वाटूं नये.

हा भेद किती मोठा असतो, हें सरकारी खानेसुमारीवरून दिसून येतें. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत २००२ सालीं संस्थेच्या दप्तरीं सुमारें ५ लक्ष २० हजार सभासद होते. त्याच वर्षीं खानेसुमारींत पंधरा वर्षांवरील ज्या लोकांनीं आपला धर्म मॉर्मन म्हणून सांगितला, ते भरले सुमारें १ लक्ष ४ हजार. मेक्सिकोंत २०१० सालीं दप्तरांत बारा लक्षांहून अधिक नांवें होतीं. खानेसुमारींत सव्वातीन लक्षही भरलीं नाहींत. मुलें वगळल्याचा हिशेब धरला तरी हें अंतर बुजत नाहीं. संस्थेसही याची जाणीव झाली असावी, कारण २००२ सालीं बारा प्रेषितांपैकीं जेफ्री हॉलंड यांस चिलींत व डॅलिन ओक्स यांस फिलिपाइन्समध्यें प्रत्यक्ष राहावयास पाठविण्यांत आलें. एवढ्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांस परदेशीं मुक्काम करावयास लावणें ही त्या काळीं नित्याची गोष्ट नव्हती. चिलींत अनेक लहान मंडळ्या मोडून एकांत एक मिळविण्यांत आल्या.

असें होण्याचें मूळ प्रचाराच्या पद्धतींत आहे. वीस वर्षांच्या आंतबाहेरचे तरुण स्वखर्चानें परमुलखांत जातात, दोन दोन वर्षें घरोघर हिंडून उपदेश करतात, आणि किती बाप्तिस्मे झाले यावर त्यांच्या कार्याचें मोजमाप होतें. १९६० च्या सुमारास इंग्लंडांत तर बेसबॉल खेळण्याच्या निमित्तानें पोरें गोळा करून त्यांस बाप्तिस्मा देण्याचा सपाटा चालला होता. खेळ संपला, पोरें घरीं गेलीं. पुढें त्यांतील कित्येकांचीं नांवें काढून टाकावीं लागलीं. याच पंथाचा ह्यू फिंडले नांवाचा प्रचारक १८५२ सालीं मुंबईस उतरला होता आणि पुण्यास त्यानें एक लहानशी मंडळीही जमविली होती. परंतु तें दशक संपण्यापूर्वींच हिंदुस्थानांतील तें कार्य आटोपलें. घाईनें जोडलेला मनुष्य तितक्याच घाईनें सुटतो, एवढाच याचा अर्थ. त्यासाठीं फार खोल जाण्याचें कारण नाहीं.

परंतु जे पंथांतच जन्मले, ज्यांचे पणजोबा त्या बैलगाड्यांबरोबर चालत आले, ते कां जातात ? खरा प्रश्न हा आहे. अमेरिकेंतील प्यू संशोधनसंस्थेनें २००७ सालीं पाहिलें तेव्हां मॉर्मन घरांत वाढलेल्या शंभरांपैकीं सत्तर जण प्रौढपणीं मॉर्मन राहिले होते. २०१४ सालीं ते चौसष्ट झाले आणि २०२३–२४ च्या पाहणींत सुमारें चोपन्नांवर आले. सोडणारे बहुधा ऐन तारुण्यांत, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास सोडतात.

याचें एक मोठें कारण इतिहास हें होय. जगांतील बहुतेक धर्मांचा आरंभ प्राचीनतेच्या धुक्यांत लपलेला असतो. मॉर्मन पंथास ती सोय नाहीं. १८३० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जोसेफ स्मिथ यानें तो स्थापिला, तेव्हां वृत्तपत्रें होतीं, कोर्टांचीं दप्तरें होतीं, लोक रोजनिशी लिहीत असत. डोंगरांत पुरलेले सोन्याचे पत्रे आपणांस देवदूतानें दाखविले व त्यांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन' भाषांतरित केलें, असें स्मिथनें सांगितलें. मुलांच्या पुस्तकांतील चित्रांत तो पत्रे समोर ठेवून वाचीत बसलेला दिसे. समकालीनांच्या लेखांत मात्र निराळी हकीकत होती : टोपींत एक खडा ठेवून, टोपींत तोंड घालून तो मजकूर सांगत असे. पुढें १८३५ सालीं त्यानें इजिप्तांतील कांहीं पपायरस मिळविले आणि त्यांवरून अब्राहामाचा ग्रंथ प्रकट केला. त्या पपायरसांचे कांहीं तुकडे १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतून संस्थेच्या हातीं आले. तज्ज्ञांनीं ते वाचले तेव्हां तो मृतांच्या अंत्यविधींचा मजकूर निघाला. स्मिथच्या बायकांची गोष्टही अशीच. बहुपत्नीत्व ब्रिगहॅम यंगच्या काळाचें, असा कित्येक सभासदांचा समज होता. स्मिथनें स्वतः तीस-चाळीस विवाह केले, आणि त्यांतील एक मुलगी पंधरा वर्षांचीही पुरी झालेली नव्हती, हें सामान्य कुटुंबांत कोणी बोलत नसे.

हें सर्व विद्वानांस पूर्वीपासून ठाऊक होतें. इंटरनेट आल्यावर तें गृहिणीस आणि कॉलेजांतील मुलासही ठाऊक झालें. युरोपांतील संस्थेचे एक मोठे अधिकारी, स्वीडनचे हान्स मॅटसन, यांच्याकडे सभासद शंका घेऊन येऊं लागले; त्यांनीं वरिष्ठांकडे उत्तरें मागितलीं, तीं समाधानकारक मिळालीं नाहींत आणि त्यांचा स्वतःचाच विश्वास डळमळला. २०१३ सालीं 'न्यूयॉर्क टाइम्स' मधून त्यांनीं हें उघडपणें सांगितलें. त्याच वर्षापासून पुढील दोन वर्षांत संस्थेनें या नाजूक विषयांवर लेख प्रसिद्ध केले व त्यांत टोपींतील खडा, पपायरसांवरील मजकूर आणि स्मिथचे विवाह या गोष्टी मान्य केल्या. हें प्रामाणिकपणाचें कृत्य होतें, यांत शंका नाहीं. तें फार उशिरां झालें, हेंही तितकेंच खरें. ज्या मनुष्यानें या गोष्टी शत्रूंच्या थापा म्हणून आयुष्यभर नाकारल्या, त्यास त्या आपल्याच संस्थेच्या शिक्क्यानिशीं वाचाव्या लागल्या. पंथ सोडलेल्यांचे उद्गार पाहिले तर खड्याची वा पपायरसाची खंत त्यांस तितकी दिसत नाहीं. आपणांस खरें सांगितलें नाहीं, याची अधिक दिसते.

दुसरें कारण चालूं काळांतील नीतिकल्पनांचें आहे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस पौरोहित्याचा अधिकार १९७८ पर्यंत नव्हता. स्त्रियांस तो अजूनही नाहीं. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठीं झगडणाऱ्या सोनिया जॉन्सन यांस १९७९ सालीं, व स्त्रियांस पौरोहित्य मिळावें म्हणून चळवळ करणाऱ्या केट केली यांस २०१४ सालीं बहिष्कृत करण्यांत आलें. समलिंगी जोडप्यांच्या बाबतींत तर संस्थेची फारच ओढाताण झाली. अशा जोडप्यांच्या मुलांस अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा देऊं नये असा नियम २०१५ च्या नोव्हेंबरांत निघाला, तो ईश्वरी प्रेरणेनें निघाला असें सांगण्यांत आलें, आणि २०१९ च्या एप्रिलांत तोच मागें घेण्यांत आला. बंधुभगिनींपैकीं कोणी तसा असला म्हणजे तरुणांस आपलें माणूस आणि आपला पंथ यांतून एकाची निवड करावी लागते. जेना रीस या बाईंनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द नेक्स्ट मॉर्मन्स' या ग्रंथांत, आपलीं नीतिमूल्यें व पंथाचीं मूल्यें यांचा मेळ बसेना, हें कारण सोडणाऱ्यांनीं ठळकपणें दिलेलें आढळतें.

याशिवाय या धर्माचा भार काय आहे, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. येथें पगारी भिक्षुक नाहींत. सुतार, वकील, शिक्षक असे गृहस्थच आळीपाळीनें बिशप होतात आणि दिवसभराचें काम आटोपून रात्रीं लोकांच्या अडचणी ऐकतात. प्रत्येक सभासदाकडे कांहीं ना कांहीं काम सोंपविलेलें असतें. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू वर्ज्य. (चहाशिवाय सभासद कसे मिळतात, असें आपल्याकडील कार्यकर्त्यांस वाटेल.) उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावयाचा, मंदिरांत प्रवेश हवा असेल तर बिशपापुढें बसून दशांश पुरा भरल्याची व शीलाची ग्वाही द्यावयाची. श्रद्धा दृढ असते तोंवर हा भार जाणवत नाहीं, उलट त्यानेंच माणसें एकमेकांस घट्ट बांधलीं जातात. शेजारी आजारी पडला तर जेवण पोंचतें, घर बदलावयाचें तर दहा हात येतात. श्रद्धा सैल झाली कीं तोच भार टोंचूं लागतो. त्यांतच २०२३ सालीं अमेरिकेच्या रोखे-नियामक मंडळानें, संस्था व तिची गुंतवणूक सांभाळणारी कंपनी यांस मिळून पन्नास लक्ष डॉलरांचा दंड केला, कारण अब्जावधि डॉलरांची गुंतवणूक निराळ्या कंपन्यांच्या नांवांआड झांकून ठेवण्यांत आली होती. पोटास चिमटा घेऊन दशांश देणाऱ्या कुटुंबांस त्या बातमीनें काय वाटलें असेल, हें सांगावयास नको.

पाळण्यांतील भरतीही ओसरली आहे. सभासदांच्या घरांतील २००८ सालीं नव्यानें नोंदलेल्या मुलांची संख्या सुमारें १ लक्ष २३ हजार होती. २०२३ सालीं पट पुष्कळ वाढला असूनही ती ९४ हजारांच्या आंतच राहिली. १९८४ सालीं रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञानें, दर दशकांत शेंकडा पन्नास वाढ धरली तर २०८० पर्यंत हे लोक साडेसव्वीस कोटी होतील, आणि शेंकडा तीसच धरली तरी सहा कोटींवर जातील, असा अंदाज केला होता. २०१० ते २०२० या दशकांत प्रत्यक्ष वाढ शेंकडा अठरांच्या आंत राहिली.

संस्था स्वस्थ बसलेली नाहीं. २०१९ च्या जानेवारीपासून रविवारची सभा तीन तासांवरून दोन तासांवर आणली. त्याच वर्षीं आणखी एक बदल झाला; तो लहान दिसला तरी घरोघर जाणवला. मॉर्मन विवाह मंदिरांत होतो व मंदिरांत बिशपाचें प्रमाणपत्र असल्याखेरीज कोणासही प्रवेश नाहीं. अगोदर बाहेर लौकिक विवाह करावा तर, अमेरिकेंत तरी, मंदिरांतील विधीसाठीं वर्षभर थांबावें लागे. त्यामुळें पंथ सोडलेला बाप किंवा आई मुलीच्या लग्नाच्या वेळीं मंदिराबाहेरच्या बाकावर बसून राही, आणि आंत लग्न लागे. कित्येक जण श्रद्धा उडाल्यावरही, केवळ हा प्रसंग येऊं नये म्हणून, वर्षानुवर्षें दशांश भरीत आणि मनांतलें मनांत ठेवीत. २०१९ च्या मे महिन्यांत ती वर्षाची अट काढून टाकण्यांत आली. आतां सकाळीं सर्वांसमक्ष लग्न लागूं शकतें, नंतर वधूवर मंदिरांत जातात, आणि बाहेरच्या बापासही मुलीचा हात वराच्या हातीं देतां येतो.